हाताची घडी

आमच्या घरात माझ्या धाकट्या बहिणीशी बोलायचं असेल तर हाताची घडी घालून बोलायचं, असा नियम होता. शाळेत गुरुजी 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणायचे, त्यातलं बोट तेवढं आमच्याकडं वगळलेलं. बाबा कचेरीतून आले की सायकल लावायचे, टोपी खुंटीला अडकवायचे, हाताची घडी घालायचे आणि मग तिच्यासमोर वाकून म्हणायचे, "बा-बा आ-ले." घरी कुणी पावणं आलं तर आई चहाच्या आधी त्यांना हा नियम सांगायची. आता कोल्हापूरच्या माणसाला हात न हलवता बोल म्हणायचं म्हणजे मोठीच पंचाईत. आमचे एक चुलते दोन्ही हात बगलेत दाबून बसायचे आणि दोन वाक्यांतच गप्प व्हायचे.

बहिणीला ऐकू येत नव्हतं. जन्मापासूनच येत नसणार, पण घराला ते कळलं ती दीड वर्षाची झाल्यावर. न्हाणीत आईच्या हातून भरलेला तांब्याचा हंडा निसटला. काय आवाज झाला असेल बघा, शेजारच्या काकू पदर खोचत धावत आल्या. ही दारात बसून चुरमुरे वेचत होती, ती वेचतच राहिली. आई ओल्या लुगड्यानिशी तिच्याकडं बघत उभी राहिली. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की आईनं हंडा मुद्दाम उचलून पुन्हा आपटला आणि पोरीकडं बघितलं.

आजी, म्हणजे बाबांची आई, मात्र मानायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, आमच्यात पोरं उशिराच बोलत्यात, हिचा बा बी चार वर्सं मुका हुता. ती अर्धं वर्ष शिरोळला शेतावर आणि अर्धं वर्ष आमच्याकडं राजारामपुरीत असायची. येताना पिशवीतून वेखंड आणायची, ते मधात उगाळून पोरीच्या जिभेवर चाटवायची. पोपटानं चोच मारलेले पेरू झाडावरून उतरवून आणायची. पोपटाचं उष्टं खाल्लं की पोर बोलतं म्हणे. बहिणीनं पेरू आवडीनं खाल्ले. बोलली काहीच नाही.

बोलली नाही असं घरानं म्हणायचं, एवढंच. माझ्याशी ती दिवसभर बोलायची.

कुणी शिकवलं नव्हतं. आईला हाक मारायची तर कपाळावर बोटानं मोठं कुंकू काढायचं. बाबा म्हणजे अंगठ्यानं सायकलची घंटी वाजवायची. आजी म्हणजे बोटानं दात घासायचे, कारण आजी मिसरी लावायची. मी म्हणजे एक वेणी ओढायची. गालावर तळवा ठेवून झोपल्यासारखं केलं की 'उद्या', आणि तसंच करून अंगठा मागं दाखवला की 'काल'. चौकात म्हशींच्या कट्ट्यावर सकाळी धारोष्ण दूध प्यायला बाबा आम्हाला न्यायचे, त्याला दोन्ही मुठी आळीपाळीनं खाली ओढायच्या. त्याच कट्ट्यावर एकदा एक रेडकू मेलेलं तिनं बघितलं. मान टाकलेली, जीभ बाहेर. घरी येऊन तिनं आपलं डोकं एका तळहातावर टाकलं आणि जीभ बाहेर काढली. तिथून पुढं जे जे मेलं त्याला तीच खूण. झुरळ मेलं, बॅटरीतले सेल गेले, शेजारच्या परसातलं पपईचं झाड वाळलं, सगळ्यांची जीभ बाहेर. आजी बघून पदर तोंडाला लावून हसायची.

एकदा डब्यातला गूळ संपला. आईनं मला धरलं. मी बहिणीला विचारलं, तर तिनं अगदी शांतपणे दात घासून दाखवले, डब्याकडं बोट केलं आणि दोन्ही गाल फुगवून चावलं. गूळ आजीनं खाल्ला म्हणे. आजी त्या आठवड्यात शिरोळला होती. चार वर्षांची पोरगी हातांनी खोटं बोलत होती, आणि वर चेहरा असा की जणू आपण त्या गावचेच नाही. मला तिचा फार अभिमान वाटला होता. मार मीच खाल्ला, पण त्याचं काही नाही.

मग बाबा तिला मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. येताना छातीवर पिशवीत अडकवायची एक डबी आणली, तिच्यातून वायर निघून कानात जायची. डबीनं तिला मोटारीचा हॉर्न आणि ढोल कळायला लागला. माणसाचा शब्द कळत नव्हता. डॉक्टरांनीच एका बाईंचं नाव सांगितलं. त्या पुण्याला शिकून आलेल्या, राजारामपुरीतच आपल्या माडीवर चार-पाच अशा मुलांचा वर्ग घ्यायच्या. वाईट बाई नव्हत्या हो. सुती पातळ, हातात खडू, कधी कुणा मुलावर ओरडल्या नाहीत. त्या काळात त्यांना शिकवलं होतं तेच त्या सांगत होत्या. हात बोलायला लागले की तोंड बसून राहतं, असं त्यांनी आईला सांगितलं. घरात खाणाखुणा चालू राहिल्या तर माझ्या वर्गाचा काही उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी होईल.

आईनं त्याची गाठ मारून ठेवली. माझी आई सातवी शिकलेली, एकदा शब्द घेतला की मोडणारी नव्हे. दुसऱ्या दिवसापासून हाताची घडी सुरू झाली.

स्वयंपाकघरात जमिनीलगत एक आरसा टांगला. सकाळी भाकरीचं पीठ मळायच्या आधी आई तिला घेऊन आरशासमोर बसायची. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, पट्टी हलली की 'प' आला. पोरीचा हात आपल्या गळ्यावर धरायची, गळा थरथरला की 'ब'. नाकावर बोट ठेवायची, नाक गुणगुणलं की 'म'. तुम्ही कधी आरशासमोर उभं राहून म्हणून बघा, पाट, भात आणि माठ. तिन्ही ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. त्यातून माठ म्हणाले की भात, हे त्या पोरीनं ओळखायचं होतं. पाणी हवं असेल तर 'पाणी' म्हटल्याशिवाय पेला मिळायचा नाही. 'पाई' म्हणाली तरी आई पेला मागं ठेवायची. मला तेव्हा आईचा राग यायचा. आता वाटतं, तहानलेल्या पोरीसमोर पेला धरून बसणं तिलाही सोपं गेलं नसेल. पण तेव्हा यायचा, आणि तो खरा होता.

आम्ही दोघी गच्चीवर जायचो. वाळवणाचं लुगडं पसरलेलं असायचं त्याच्या राखणीच्या निमित्तानं. एका दुपारी तिनं मला त्या माडीवरच्या बाई करून दाखवल्या. चष्मा नाकावर ओढला, ओठ एवढे मोठे केले, 'प' म्हणताना सगळे गाल फुगवले, आणि समोरच्या मुलाच्या तोंडावर थुंकी उडाली ती त्यानं कशी पुसली, तेही. मला हसू आवरेना. ती बिनआवाजाची, तिचं काही कुणाला ऐकू जायचं नव्हतं. माझं हसणं खाली गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आई वर आली. तिनं मारलं नाही. लुगड्यावरच्या सांडग्यांजवळ खाली बसली आणि मला म्हणाली, "तू हाईस तवर ती तोंड उघडायची न्हाई."

महिन्याभरात मामा येऊन मला आजऱ्याला घेऊन गेला. मी सातवी पास झाले होते. आजऱ्याची पोरं शिकायला कोल्हापूरला येतात, मी कोल्हापूरची पोर हायस्कुलाला आजऱ्याला निघाले. लोकांनी विचारलं तर मामाला मूलबाळ नाही, मामीला सोबत हवी, असं आई सांगायची. तेही खोटं नव्हतं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही ना हूं केलं ना चूं.

स्टॅंडवर मी बहिणीला सांगायचा प्रयत्न केला. आई शेजारी होती, तरी केला. 'उद्या'ची खूण आमच्याकडं होती, 'वर्ष' नव्हतं. मी गालावर तळवा ठेवला, पुन्हा ठेवला, पुन्हा ठेवला, ठेवतच राहिले. तिला वाटलं, ताई मला झोप आली झोप आली म्हणून सोंग करतेय. ती खिदळायला लागली. आईनं माझा हात खाली केला. गाडी सुटली तेव्हा ती हसतच होती.

मला रडू आलं नाही. निपाणी गेली, उत्तूर गेलं, मामा विचारत होता भूक लागली का, मी नाही म्हणत होते. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात आणि मग ओठ आपला असून आपला लागत नाही, तसं काहीतरी झालं होतं. ते मग उतरलंच नाही नीट. लोक मला समजूतदार म्हणायला लागले.

आजऱ्याला काही वाईट नव्हतं. मामी माझ्या ताटात तांदळाचा वास असलेला मऊ भात वाढायची. शेजारी काजूच्या बिया भाजायचे, त्याचा धूर डोळ्यांना झोंबायचा आणि बिया फोडणाऱ्या बायकांचे हात तेलानं काळे पडलेले असायचे. सुरुवातीला बोलताना माझे हात आपोआप चालायचे. मीठ मागताना बोटं चुरायची, आईचं नाव निघालं की कपाळाकडं जायचे. मामीनं एकदा काळजीनं विचारलं, हातात काय वात आहे का गं. मग हळूहळू ते थांबलं. मी थांबवलं असंही नाही.

बाबा अधूनमधून यायचे. तिला आणायचे नाहीत. बाई म्हणतात अजून नको, घडी बसू दे. बहिणीचे नवे शब्द मात्र सांगायचे, जसं दुसरे बाप मुलांचे मार्क सांगतात. आई म्हणते. बाबा म्हणते. पाणी स्पष्ट म्हणते. मी ऐकायचे आणि चहा ठेवायला उठायचे.

दुसऱ्या पावसाळ्यात आजी शिरोळला गेली होती ती तिथंच वारली. कृष्णेला पाणी आलेलं, रस्ते बंद. बाबा आणि आई कसेबसे पोचले. बहिणीला शेजारच्या काकूंकडं ठेवलं होतं, एवढ्या लहान पोरीला मातीला कशाला न्यायची म्हणून. मला कळलं तेव्हा दिवसही उरकले होते. मामीनं माझ्या डोक्यावरून पाणी घातलं. तेव्हाही रडू आलं नाही. मी आजीचं लुगडं, मिसरीची डबी, सगळं नीट आठवून बघितलं, तरी नाही.

त्या दिवाळीला बाईंनी परवानगी दिली. पोरीच्या तोंडाला आता वळण लागलंय, मोठीला आणायला हरकत नाही, म्हणाल्या. मी राजारामपुरीतल्या आमच्या जिन्यानं वर आले. दारात सगळी उभी होती, शेजारच्या काकूसुद्धा. बहीण मधोमध. उंच झाली होती, समोरचे दोन दात नव्हते, छातीवर डबी. आईनं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "ता-ई."

आवाज जाड होता, नाकातला. पण 'ताई' होतं, दुसरं काही नव्हतं. आई रडायला लागली. काकूंनी डोळे पुसले. मला दीड वर्षानं माझ्या बहिणीनं जन्मात पहिल्यांदा तोंडानं हाक मारली आणि मला काही वाटलं नाही. मी वेणी ओढली, आमची खूण. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मान वर करून आईकडं बघितलं, आणि हाताची घडी घातली.

मग ती वाकून माझ्या पाठीमागं जिन्यावर बघायला लागली आणि म्हणाली, "आ-जी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

'ज' सोपा नाही. पट्टी हलत नाही, नाक वाजत नाही, जीभ वर कुठं लावायची ते दिसत नाही. तो 'ज' तिला त्या पावसाळ्यात आला होता, आजी गेल्यानंतर, आणि माडीवरच्या बाई स्वतः घरी पेढे घेऊन आल्या होत्या. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक पावण्यासमोर तिला 'आजी' म्हणायला लावायचे. म्हणजे लावायलाही लागायचं नाही, ती आपणहूनच म्हणायची, दार उघडलं की, जिना हलला की. काकूंनी मला कौतुकानं सांगितलं, दिवसातनं धा येळा म्हणती बघ. कुणी शाब्बास म्हणायचं, कुणी गालगुच्चा घ्यायचं. आजी कुठं आहे ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? 'वारली' हा शब्द ओठांवर कसा दिसतो, ते त्या बाईंनाही दाखवता आलं नसतं.

पोरगी विचारत होती आणि घर टाळ्या वाजवत होतं. एवढं एक मला त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर लख्ख कळलं. ताई लाल गाडीत बसून गेली, आजीही लाल गाडीत बसून गेली. ताई आली. मग आता आजी. तिचा हिशेब सरळ होता.

आज शिकलेली माणसं सांगतात, मूल लहान असतानाच त्याला हात द्या, ओठ द्या, कानाला यंत्र द्या, जे जे त्याच्यापर्यंत पोचेल ते सगळं द्या, एकानं दुसरं अडत नाही. ऐकून बरं वाटतं. माझी बहीण पुढं दोन्ही शिकली, तोंडानं दुकानदाराशी हुज्जत घालते आणि हातांनी आपल्या माणसांत तासन्‌तास गप्पा मारते. पण तेव्हाची ती सात वर्षांची पोर मला आठवते. तिला तीस-चाळीस शब्द येत होते, सगळी वस्तूंची नावं. मी विचारलं, बरी आहेस का, तर तिनं माझ्या ओठांकडं टक लावून बघितलं आणि म्हणाली, "बली आहे का." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. जेवलीस का म्हटलं तर 'जेवली का'. चार वर्षांची असताना जी आजीवर गुळाची चोरी ढकलत होती, तिच्याकडं आता खोटं बोलण्याइतकेही शब्द नव्हते. आणि मी समोर घडी घालून बसले होते. त्या घरात हात वर उचलायचं म्हणजे आईच्या दोन वर्षांवर पाणी ओतण्यासारखं होतं. मी आईला दबकतच सुचवलं, आजीचं तिला सांगायला पाहिजे. आई म्हणाली, पोर हबकंल, बोलायची बंद हुईल, दिवाळी तरी जाऊ दे.

मग मीही चकल्या पाडायला बसले. फराळ झाला, किल्ला झाला. बाबा शिरोळच्या शेताचं काही बघायला गेले.

त्या दुपारी आई कपाट आवरत होती. खालच्या खणात, लुगड्यांच्या मागं, एक ॲल्युमिनियमचा डबा निघाला आणि त्यातून मुंग्यांची रांग. आत बेसनाचे लाडू होते. चकली नाही, कडबोळं नाही, फक्त लाडू, तेही मऊ बघून घेतलेले. आजीच्या तोंडात शेवटी शेवटी दात उरले नव्हते. आईला काही ते सुचलं नाही. तिला वाटलं पोरगी चोरून खाते. तिनं बहिणीला दंडाला धरून कपाटासमोर उभं केलं, डबा दाखवला आणि ओठ मोठे करून म्हणाली, हावरट कुठली, कुणी ठेवले हे?

बहीण घाबरली होती. तिला वाटलं असणार, नेहमीचा शब्द म्हटला की सगळे खूष होतात. म्हणाली, "आजी." आई आणखी चिडली. "आजी." आईनं हात उगारला.

मी मध्ये गेले. माझे हात जड झाले होते, दीड वर्षात कशाला वापरलेच नव्हते. मी बहिणीच्या समोर बसले आणि बोटानं दात घासले. तिनं पटकन आईकडं बघितलं. घडी घातली. मी तिची घडी सोडवली. पुन्हा दात घासले. तिचा चेहरा असा झाला, जणू अंधाऱ्या खोलीत कुणीतरी तिला हाक मारतंय आणि तिला ते ऐकू आलंय. आई मागून म्हणत होती नको, नको गं. मला ऐकू येत होतं. मी थांबले नाही.

'मेली' म्हणायला एकच खूण आमच्याकडं होती. आजीसाठी ती करायची मला लाज वाटली, झुरळासाठी करायचो ती. पण दुसरी नव्हती. मी दात घासले, आजी, आणि मग डोकं तळहातावर टाकलं आणि जीभ बाहेर काढली.

तिनं मान हलवली. नाही. लाडवांकडं बोट केलं, जिन्याकडं केलं, माझी वेणी ओढली. ताई आली की. मी पुन्हा तेच केलं. मग तिसऱ्यांदा केलं आणि तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आजीसाठी, स्टॅंडवरच्या त्या हसणाऱ्या पोरीसाठी, कशासाठी ते मला माहीत नाही. जीभ बाहेर काढून रडणारी माणसं दिसतात कशी, ते तुम्हीच ठरवा.

बहीण रडली नाही. तिचे हात गंजले होते, पण ती ते हलवायला लागली. कपाळावर कुंकू काढलं, मग डोक्याला बोट लावलं. आईला माहीत? मी मान डोलावली. अंगठ्यानं घंटी वाजवली. बाबांना? हो. भिंतीपलीकडं बोट. काकूंना? हो. वेणी. तुला? हो. मग तिनं आईकडं तोंड केलं आणि भराभर हात हलवले, पहिल्यांदा थेट आईशी, आणि हात पसरून थांबली.

आईला काही कळलं नाही. सात वर्षं त्या पोरीला सांभाळलेली माझी आई माझ्याकडं बघत म्हणाली, "काय म्हणती?"

"मला का सांगितलं नाहीस, म्हणते."

आई कपाटाला टेकून खाली बसली. मुंग्या तिच्या लुगड्यावर चढत होत्या, तिचं लक्ष नव्हतं. म्हणाली, "मला सांगाया येत न्हाई, म्हण तिला."

मी बहिणीला तसं सांगितलं. तिनं ते बघितलं, आईला नीट वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मला विचारलं, ती एवढी मोठी आहे ना, तरी तिला बोलता येत नाही?

"काय म्हणाली?" आई विचारत होती. "काय म्हणाली गं?"

मी म्हणाले, काही नाही.